चारच्या एसटीने गेलेली बातमी

संध्याकाळी होणाऱ्या कार्यक्रमाची बातमी आम्ही दुपारी लिहायचो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी एका मराठी दैनिकाचा पनवेलचा वार्ताहर होतो. लिहिलेली बातमी पाकिटात घालायची, पाकीट चारच्या मुंबई गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचं. दादरला कचेरीतला शिपाई ते उतरवून घ्यायचा. चारच्या गाडीनंतर पाठवलेला मजकूर दुसऱ्या दिवशीच्या अंकात जात नसे. म्हणून निमंत्रणपत्रिका समोर ठेवून शाल, श्रीफळ, भाषणं, उपस्थिती सगळं आधीच लिहून टाकायचं. सत्कार समारंभांत अनपेक्षित असं काही घडत नसल्यामुळे ही पद्धत वर्षानुवर्षं चालली. तालुक्यातले सगळेच वार्ताहर असं करत.

ती लांब पल्ल्याची धावपटू होती. तिचं गाव खांदा कॉलनीला लागून. वडिलांची भातशेती नव्या शहरासाठी सरकारने घेतली होती आणि ते पावसाळा संपला की दुसऱ्याच्या मिठागरावर मजुरीला जायचे. कॉलनीत तेव्हा डांबरी रस्ते आणि चौक आखून तयार होते, इमारती मात्र तुरळक. त्या मोकळ्या रस्त्यांवर ती पहाटे धावायची. शाळेतले खेळाचे शिक्षक स्टॉपवॉच गळ्यात अडकवून सायकलवरून मागे असायचे. एकदा मी तिला फेरी किती लांबीची, असं विचारलं. तिने अंतर सांगितलं आणि वर म्हणाली, "त्यातला पान्याच्या टाकीपासून चौकापर्यंतचा तुकडा आमचं शेत. एका सरावात आठ वेला ओलांडते."

जिल्हा, राज्य, मग देश. एकोणिसाव्या वर्षी ती कोरियात दहा हजार मीटर धावली आणि पाचवी आली. शिक्षकांनी मला निकाल फोनवर सांगितला, मी तो कचेरीला कळवला. छापून आला नाही. त्या दिवशी क्रिकेटचा सामना होता.

तिला नोकरी हवी होती. नोकरी असलेल्या खेळाडूला सरावासाठी सवलत मिळे, बूट मिळत, स्पर्धेला जायला रजा मिळे. नोकरी नसलेल्या मुलीचं लग्न ठरलं की तिचं धावणं संपे. नोकरीचे मार्ग दोन होते. एक खेळाडूंसाठी राखीव जागा. त्यासाठी ओळख लागे. दुसरा, जमीन गेलेल्या कुटुंबाला मिळणारा प्रकल्पग्रस्ताचा दाखला. एका घराला एक दाखला, त्यावर एकाच माणसाचं नाव, एकच नोकरी. नाव एकदा घातलं की बदलता येत नसे. तिला एक मोठा भाऊ होता, दहावी नापास, घरी बसलेला. गावात असा दाखला मुलीच्या नावावर कुणी केलेला नव्हता.

वडिलांनी अर्जातला नावाचा रकाना वर्षभर कोरा ठेवला. तहसील कचेरीच्या आवारात ते मला भेटले तेव्हा मी त्यांना कारण विचारलं. "पोरीचं नोकरीचं दुसरीकडं जमलं तर दाखला पोराला," ते म्हणाले. "नाय जमलं तर पोरीला. गाव बोलंल, बोलू दे."

कोरियाहून ती परतल्यावर तालुक्यातल्या एका पुढाऱ्याने तिचा सत्कार ठेवला. त्या दिवशी दुपारी त्यांचा कार्यकर्ता निमंत्रणपत्रिका आणि एक टिपण घेऊन माझ्याकडे आला. टिपणात होतं की साहेबांच्या हस्ते तिला नोकरीचं नेमणूकपत्र देण्यात येणार आहे. कुठल्या खात्यात, असं मी विचारलं. ते साहेब ठरवतायत, तुम्ही लिहून टाका, असं तो म्हणाला. नेमणूकपत्र देण्यात आलं, असं मी लिहिलं. बातमीला वजन यावं म्हणून खाली कोरियातला पाचवा क्रमांक, अंतर आणि वेळ दिली. पाकीट चारच्या गाडीने गेलं.

सहा वाजता सभागृहात मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. पुढाऱ्यांनी तिला शाल दिली, नारळ दिला आणि एक लांब खाकी पाकीट दिलं. टाळ्या झाल्या. मंचामागे जाऊन तिने पाकीट उघडलं. आत त्यांच्या नावाच्या छापील कागदावर चार ओळींचं अभिनंदन होतं. तिने तो कागद उलटून पाहिला आणि कार्यकर्त्याला काहीतरी विचारलं. पुढच्या आठवड्यात बंगल्यावर ये, असं त्याने सांगितलेलं मी ऐकलं.

सभागृहासमोर एसटीडी बूथ होता. कचेरीत रात्री नऊपर्यंत फोनवरून दुरुस्ती घेत. मी फोन केला नाही. त्याची कारणं त्या वेळी मला पुरेशी वाटली होती: पत्र आठवड्यात येईलच, पुढाऱ्याला खोटं पाडणारी दुरुस्ती कचेरीला आवडणार नाही, आणि कार्यक्रमाआधी बातमी लिहिली हे मला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल.

सकाळी तीन रकान्यांचा मथळा होता. वडिलांनी पाच अंक विकत घेतले. दोन दिवसांनी मासळी बाजाराच्या तोंडाशी त्यांनी मला थांबवलं.

"ती बोलते, पाकिटात कायच नव्हतं," ते म्हणाले. "मी बोललो, पेपरात आलाय. पेपर काय खोटा बोलनार हाय?"

मी म्हटलं, "येईल पत्र."

त्याच आठवड्यात दाखल्याच्या अर्जातल्या रकान्यात भावाचं नाव पडलं.

ती आठ महिने बंगल्यावर जात होती. सुरुवातीला चहा मिळायचा. पुढे साहेब बाहेरगावी असायचे. भाऊ शिपाई म्हणून नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, जुन्या घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब आला. वडिलांनी तिच्या लग्नाची घाई केली नाही. त्याबद्दल गावात त्यांना बोल लावला जायचा तेव्हा ते उत्तर देत नसत. ती सकाळी जासईच्या एका कंटेनर यार्डात झाडलोटीच्या कामाला लागली आणि सराव संध्याकाळी करू लागली. तोवर कॉलनीच्या रस्त्यांवर रिक्षा, रेतीचे ट्रक, फेरीवाले आले होते. पुढच्या चार वर्षांत ती आणखी दोनदा देशाबाहेर धावली. एकदा नववी आली. दुसऱ्यांदा सोळाव्या फेरीनंतर मैदानाबाहेर बसली. त्या दोन्ही बातम्या मी पाठवल्या. दुसरी छापून आली.

त्यानंतर मुंबईतल्या एका सरकारी कार्यालयात खेळाडूंसाठी जागा निघाली. तिने अर्ज केला. कोरियाचं मूळ प्रमाणपत्र राज्याच्या संघटनेकडे होतं आणि तिथले पदाधिकारी बदलल्यावर ते कुणाला सापडेना. पाचव्या क्रमांकाचा छापील पुरावा एकच होता, माझी बातमी. वडिलांनी ते कात्रण प्लास्टिकमध्ये घालून ठेवलं होतं. तिने ते अर्जासोबत दिलं. मुलाखतीच्या अधिकाऱ्याने ते खालपर्यंत वाचलं आणि तुम्हाला तर नोकरी मिळालेली आहे, असं म्हणून अर्ज बाजूला ठेवला. तिने खुलासा केला. त्याने वर्तमानपत्राचा लेखी खुलासा आणायला सांगितलं, पंधरा दिवसांत.

ती माझ्याकडे आली तेव्हा मी छापखान्याच्या माडीवर बसायचो. जिना चढून आल्यावरही तिचा श्वास नेहमीसारखाच होता. तिने कात्रण टेबलावर ठेवलं आणि झालेलं सगळं सांगितलं. आवाज चढला नाही.

"तुमचा पेपर लई खरा हाय, दादा," ती म्हणाली. "सायबाला पन पटला. माजंच कुनाला पटत नाय."

मी कात्रण जवळ ओढलं.

"दोन ओली लिवून द्या. त्या दिवशी पत्र दिलं नाय, येवढंच. तुमी होता तितं. तिसऱ्या रांगेत."

इतक्या वर्षांनी कचेरी खुलासा छापत नाही आणि देतही नाही, असं मी तिला सांगितलं. हे खरंही असेल. मी कचेरीला विचारलं नव्हतं. नंतरही विचारलं नाही.

तिने कात्रण उचललं. प्लास्टिकवर बोटाचा डाग पडला होता, तो ओढणीने पुसला. "वडिलांना सांगू नका," एवढं म्हणून ती जिना उतरली. पंधरा दिवस गेले. त्या वर्षानंतर ती स्पर्धेत उतरल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पुढे तिचं लग्न झालं, मोरा बंदराकडच्या गावात. यार्डातलं काम तिने सोडलं नाही.

काही वर्षांनी पनवेलमध्ये शालेय मुलांची रस्ता शर्यत झाली. बक्षीस समारंभ संध्याकाळी त्याच सभागृहात होता आणि पत्रिकेवर प्रमुख पाहुणी म्हणून तिचं नाव होतं. आंतरराष्ट्रीय धावपटूच्या हस्ते बक्षिसांचं वाटप झालं, तिने मुलांना जिद्दीचा मंत्र दिला, असं मी दुपारी लिहिलं आणि पाकीट चारच्या गाडीला दिलं. संध्याकाळी ती आली नाही. संयोजकांनी अर्धा तास वाट पाहिली आणि एका मुख्याध्यापकांच्या हातून बक्षिसं उरकली. एसटीडी बूथ अजून समोरच होता. सकाळी बातमी जशीच्या तशी छापून आली. खुलासा कुणी मागितला नाही.