निकम सरांच्या नावाचं पॅकेज

या ग्रुपवर मी चार वर्षांपासून आहे आणि बऱ्याच जणांना मी आवडत नाही, हे मला माहितीये. कुणी चिंचेखाली बाई दिसल्याचं लिहिलं की "फोटो का नाही काढला?" असं खाली विचारणारी मीच. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर काहींना मजा वाटेल. वाटू द्या. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. जे झालं ते झालं तसं सांगते, आणि तेही मला गप्प बसवायचा प्रयत्न झाला म्हणून सांगते.

मी वैशाली. माहेर निफाडचं, राहते नाशिकला. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कॉम्प्युटर सांभाळते. पुढे पॅकिंगचा मोठा हॉल, तिथे सीझनला साठेक बायका द्राक्षं निवडून पेट्या भरतात. हॉलच्या मागे कोल्ड स्टोअर, आणि दोघांना लागून मशीन रूम. थंडावा करायला तिथे अमोनिया वायू फिरतो. थोडा गळला तर डोळे जळतात. जास्त गळला तर माणूस जातो. म्हणून मशीन रूममध्ये सेन्सर आहे आणि ऑफिसशेजारच्या खोलीत एक लिनक्स सर्व्हर. सेन्सरला वायू लागला की सर्व्हरवरचा एक छोटा प्रोग्राम हॉलमधला भोंगा वाजवतो.

तो प्रोग्राम निकम सरांचा. सर सटाण्याकडचे, माझ्याआधी हेच काम करायचे. मला सगळं त्यांनीच शिकवलं. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकने गेले... आणि त्यांचं लॉगिन मी माझ्या हाताने बंद केलं. हे लक्षात ठेवा.

आता थोडं कॉम्प्युटरचं. अवघड नाहीये. लिनक्सवर प्रोग्राम 'पॅकेज' म्हणून बसवतात आणि प्रत्येक पॅकेजची नोंद पॅकेज मॅनेजर ठेवतो — नाव, व्हर्जन, कुठल्या फायली कुठे ठेवल्या, बनवलं कुणी, आणि त्याला चालायला दुसरं कुठलं पॅकेज लागतं. त्यामुळे एखादं काढायला गेलं की तो आधी बघतो, याच्यावर दुसरं कुणी अवलंबून आहे का. असेल तर सरळ नकार देतो. सरांच्या भोंग्याच्या पॅकेजचं नाव होतं nikam-bhonga. त्याच्यावर काहीही अवलंबून नव्हतं. मला खात्री आहे, कारण बसवलेल्या पॅकेजेसची यादी रोज संध्याकाळी आपोआप माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरते.

मार्चमधली गोष्ट. मालकांनी — आम्ही त्यांना दादा म्हणतो — बाहेरच्या एका कंपनीची नवी, महागडी सिस्टीम घेतली. त्यांचा इंजिनिअर सकाळीच आला होता. तो म्हणाला, जुना आणि नवा प्रोग्राम एकाच सेन्सरवरून रीडिंग घेऊ लागले तर गोंधळ होईल, जुना काढून टाका. मी विचारलं, नवी सिस्टीम खरा वायू सोडून तपासली का? त्याने स्क्रीनवरचा हिरवा दिवा दाखवला. मला ते पटलं नव्हतं. तरी मी कमांड दिली. दादा पाठीमागे उभे होते, आणि मी पगारी माणूस. ही माझी चूक, लपवत नाही.

पॅकेज मॅनेजरने नकार दिला.

कारण लिहिलं होतं — nikam-hall हे पॅकेज nikam-bhonga वर अवलंबून आहे.

या नावाचं पॅकेज मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. इंजिनिअर घड्याळ बघत म्हणाला, "मॅडम, फोर्स करा ना. एक कमांड तर आहे."

नकार डावलून जबरदस्तीने काढायची ती कमांड मलाही येते. मी म्हटलं, "आधी हे काय आहे ते बघू दे."

नोंद उघडली. बनवणाऱ्याच्या जागी निकम सरांचं नाव. आत प्रोग्राम नाही, एकही फाईल नाही, फक्त 'मला भोंगा लागतो' एवढीच अट. बसवल्याची वेळ त्याच दिवशीची, सकाळी दहा पन्नास. त्या वेळी मी त्याच खोलीत चहा पीत होते. आणि खाली वर्णनाची एक ओळ असते, तिथे इंग्रजी अक्षरांत पण अहिराणीत, सरांच्या बोलीत, लिहिलं होतं —

"packing ma baya shetas."

पॅकिंगमध्ये बायका आहेत.

दादा काहीतरी बोलत होते, ते मला ऐकूच येत नव्हतं. इंजिनिअर कीबोर्ड मागायला लागला. मी दिला नाही. पाच-सहा मिनिटं आमची हुज्जत चालली असेल... आणि हॉलमधला भोंगा वाजला. जुना. सरांचा.

आमच्या पॅकिंगच्या मुकादम मंगलताई, सायखेड्याच्या. बाई कडक. त्यांनी हातातली पेटी टाकली आणि साठच्या साठ बायकांना पुढच्या दारातून बाहेर काढलं. शेवटच्या तिघी दारात होत्या तोच मागच्या व्हॉल्व्हचं सील पूर्ण सुटलं. मशीन रूमच्या फटीतून वायू हॉलमध्ये घुसला. त्या तिघींचे डोळे सुजले, संध्याकाळपर्यंत दवाखान्यातून घरी आल्या. बाकी कुणाला काही नाही. नव्या सिस्टीमचा दिवा हिरवाच होता. सेन्सरची वायर तिला जोडलेलीच नव्हती.

मग खरी गंमत सुरू झाली. दोन दिवसांनी दादांनी मला केबिनमध्ये बोलावलं. इंजिनिअर होता, त्याचा वरचा साहेबही होता. रिपोर्ट टाईप करून तयार — नव्या सिस्टीमने वेळेवर इशारा दिला. खाली माझी सही हवी होती. शिवाय सर्व्हर पुसून नव्याने भरायचा. मी म्हटलं, सही करणार नाही, आणि सर्व्हरला हात लावू देणार नाही. तेव्हा साहेबांनी नवीन काढलं, की ते पॅकेज मीच घातलं असणार, नवी सिस्टीम मला नको होती म्हणून. दादा म्हणाले, विचार कर, नोकरीचा प्रश्न आहे.

मी बाहेर आले आणि सगळं मंगलताईंना सांगितलं. पॅकेजचंसुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकलं. दुसऱ्या दिवशी एकही बाई हॉलमध्ये गेली नाही. सगळ्या बाहेरच्या शेडमध्ये डबे घेऊन बसल्या. माल गाड्यांमध्ये तसाच. दादा आले तेव्हा मंगलताई उठल्यासुद्धा नाहीत.

"दादा, निकम सायबांनी ठेवलं का वैशालीनं, मला काय करायचं हाय? भोंगा निघनार नाय. नवा आमच्या डोळ्यासमोर वाजवून दाखवा, मंग काढा."

दुपारपर्यंत दादांनी मान्य केलं. रिपोर्ट फाडला.

त्या दिवसांत मी शोधायचं तेवढं शोधलं. सर्व्हर इंटरनेटला जोडलेला नाही. खोलीची किल्ली माझ्याकडे. त्या सकाळी माझ्याशिवाय कुणाचं लॉगिन नाही. सरांनी आधीच काही लावून ठेवलं असेल, ठरल्या वेळी चालणारं, म्हणून एकेक फाईल वाचून काढली. काही नाही. पॅकेज बसवलं की पॅकेज मॅनेजर एका वेगळ्या फाईलमध्येही लिहितो, त्यात nikam-hall चा उल्लेखच नाही. म्हणजे बसवलं कुणीच नाही, पण बसलेलं आहे. मंगलताई नारळ घेऊन आल्या होत्या, त्यांना सर्व्हरच्या खोलीत फोडू दिला नाही. बाहेर पायरीवर फोडला. प्रसाद मी खाल्ला, खोबरं मला आवडतं.

नव्या सिस्टीमची वायर जोडली, बायकांसमोर खरा अमोनिया थोडासा सोडला, नवा भोंगा ठणाणा वाजला. मंगलताईंनी तीनदा वाजवून घेतला. मग मला म्हणाल्या, "आता काढ बाई."

मी जुन्यासाठी तीच कमांड दिली. फोर्स नाही, काही नाही. नकार आला नाही. nikam-bhonga निघालं. मी nikam-hall शोधलं, तर ते यादीत नव्हतंच. मी काढलं नव्हतं. कुणीच काढलं नव्हतं.

तर आता कमेंटवाल्यांना. "तूच केलं असशील" हे साहेबांनी म्हणून झालंय. "डिस्क खराब असेल" — तपासली, ठणठणीत आहे. आणि खराब डिस्क अहिराणीत लिहीत नाही. "सरांचा आत्मा" म्हणणाऱ्यांनाही सांगते, मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी हो म्हणणार नाही. रोजच्या याद्या माझ्याकडे आहेत. गळतीच्या आदल्या दिवशीच्या यादीत ते पॅकेज नाही. नवा भोंगा तपासून झाला त्या संध्याकाळच्या यादीत नाही. मधल्या एकोणीस याद्यांमध्ये आहे, सरांच्या नावासकट. ज्याला खोट काढायची आहे त्याने नाशिकला यावं. चहा देईन, आणि एकोणीसही याद्या समोर ठेवीन.