शेठनी सुचवलेली पुस्तकं

“नाव काय टाकू?” भांड्यावर नाव कोरायचं यंत्र हातात घेऊन शेठ गिऱ्हाइकाला विचारायचे, आणि उत्तर येईपर्यंत समोर उघड्या पुस्तकातली एखादी ओळ वाचून घ्यायचे.

जुन्नरच्या बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण पिढ्या इथेच गेलेल्या आणि बोलणंही इथलंच. मी वर्तमानपत्राला तालुक्याच्या बातम्या देतो. माझी बसायची जागा त्यांच्या समोरच होती. त्या गल्लीतून गेला असाल, तर चष्मा कपाळावर चढवून शब्दकोश चाळणारे शेठ तुम्हीही पाहिले असतील.

पुस्तकं ऑस्ट्रेलियाची असत. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन मेलबर्नला गेली होती. दोन-तीन महिन्यांनी ती एखादी कादंबरी किंवा कवितासंग्रह पाठवायची. फोनवर मात्र तिचं एकच उत्तर असे, “सगळं छान आहे, पप्पा.” शेठना ते पुरत नसे. ती तिथे कशी राहते, हे ते पुस्तकांत शोधत.

त्यात घोटाळे होत. एका कादंबरीत रान पेटलं, तर यांनी डिसेंबरातल्या भर दुपारी मुलीला फोन लावला.

“घराकडं धूर आला न्हाई ना?”

“पप्पा, ती गोष्ट आहे! आणि ते गाव इथून हजार मैल लांब आहे.”

शेठ ओशाळले. फोन ठेवून मला म्हणाले, “तरी पण राव, त्यांचा उन्हाळा आत्ताच असतो.”

गिऱ्हाइकांनाही ते गोष्टी सांगत. एकदा निरगुडसरच्या एक बाई लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला आल्या होत्या.

“मंग गोष्टीतली ती बाई माहेरी गेली का न्हाई?” त्यांनी विचारलं.

“दोनशे पानं झाली, अजून न्हाई गेली.”

“मंग मिटवा ते पुस्तक. माजी एसटी जाईल.”

गावातल्या वाचनालयाला नवी पुस्तकं घ्यायची होती. मी शेठकडे यादी मागितली. त्यांनी सात पुस्तकं सुचवली आणि प्रत्येकाखाली मराठीत थोडं लिहिलं. ‘मेंढरांच्या मुलखातली कादंबरी. पाऊस लांबतो. आपल्या लोकांना समजेल.’ ‘कविता. समुद्र फार. एकट्याने वाचू नये.’ तिसऱ्याखाली होतं: ‘परदेशी गेलेल्या बाईची गोष्ट. सगळ्यांना ठीक आहे म्हणते. ठीक नाही.’

“हे मुलीला विचारलंत का?” मी म्हणालो.

“काय इचारायचं? ती ठीक म्हणती, मी पण ठीक म्हणतो.”

त्या महिन्यात डॉक्टरांनी त्यांना हृदयाची तपासणी करायला पुण्याला पाठवलं होतं. मुलीला त्यांनी ते सांगितलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात शेठ गेले. मुलगी पोहोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. चौथ्या दिवशी तिने दुकान उघडलं आणि मला हाक मारली.

“काका, पप्पा ती पुस्तकं खरंच वाचायचे का? मला फोनवर जे बोलता यायचं नाही, ते ज्यात असेल, तेच पुस्तक मी पाठवायचे.”

मी यादी आणून दिली. तिसऱ्या पुस्तकापाशी ती थांबली.

“कळलं होतं, तर बोलले का नाहीत?”

 

तिने फळीवरून ती कादंबरी काढली. समासात पेन्सिलीने अवघड शब्दांचे अर्थ लिहिलेले होते, बारीक अक्षरात, शेवटच्या पानापर्यंत. ती एकेक पान उलटत गेली. एका पानावर ती बाई रिकाम्या घरात फोनवर हसून बोलत असते. तिथल्या समासात शब्दाचा अर्थ नव्हता. ‘घरी ये’ एवढंच लिहिलं होतं.