फटफटीला कूलर

आमच्या सक्करदऱ्याच्या घरात कूलर एकच, आणि वैशाखातल्या त्या दुपारी तो बाबांच्या फटफटीसमोर लावला होता. मी मनीषनगरहून उन्हात होरपळत आले, तर आई दारात वर्तमानपत्राने वारा घेत बसलेली आणि पोर्चमध्ये फटफटी खसच्या वाऱ्यात मजेत उभी. माझं डोकंच फिरलं.

"हे काय चालवलंय, बाबा?"

"इंजिन थंडं करून राहिलो," बाबा म्हणाले. जसं काही सगळ्या नागपुरात हेच चाललंय.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा. लग्न झालं तेव्हापासून आई पौर्णिमेला विहारात जाते ती बाबांच्या मागे, फटफटीवर, पांढरी साडी नेसून, मांडीवर खिरीचा डबा घेऊन. यंदा इंजिन टकटक करायला लागलं होतं आणि भावाने पुण्याहून फोनवर फर्मान सोडलं होतं, की विकून टाका ते धूड. बाबांचं म्हणणं, पुशरॉड तेवढे ढिले झालेत, ते नीट बसवले की झालं. उद्या आपल्या हाताने फटफटी काढायची आणि आईला मागे बसवून न्यायची, बस, एवढाच हट्ट.

पुशरॉड म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या दोन दांड्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या. बाजूचं झाकण काढायचं, पिस्टन अगदी वर आणायचा आणि दांडी बोटांत धरून पाहायची. ती गोल फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. नट फिरवायचे पाने आणि बोटं, बाकी काही लागत नाही. फक्त इंजिन थंडगार हवं, गरम इंजिनावर घेतलेलं माप खोटं ठरतं. आणि आत कोणाची बोटं असताना किकला पाय लावायचा नाही. म्हणून बाबा आधी प्लगची टोपी काढत आणि किल्ली आईकडे देत. आई ती पदराच्या गाठीला बांधी आणि काम संपेपर्यंत देवालाही देत नसे. तसा आमच्याकडे देव नाहीच, पण तुम्हाला कळलं असेल.

एवढा वारा फुकट चाललेला पाहून शेजारचे काका आले. दुरुस्ती पाहायला, म्हणे. खुर्ची ओढून बसले. मग भाजीवाली आली आणि पालकाची टोपली इंजिनाच्या शेजारी मांडून बसली, कारण पालक सुकून राहिला होता. तेवढ्यात काकांना वारा कमी लागायला लागला, तर हे महाशय थेट सीटवर चढून बसले आणि टेकायला पाय दिला तो नेमका किकवर. मोठ्या कष्टाने वर आणलेला पिस्टन गेला खाली.

"उतरा गा खाली," बाबा ओरडले. "बोटं आत असती तर गेली असती ना माझी. ही काय रसवंती आहे?"

काका उतरले, पण वाऱ्यातून हलले नाहीत.

आईने चहा आणला. स्टीलचे ग्लास इतके कढत, की मी माझा ओढणीत धरला. बाबा त्यांचा ग्लास मुठीत गच्च धरून काकांवर डाफरत बसले होते.

ऊन उतरलं, काका आणि भाजीवाली आपापल्या वाटेने गेले. कूलरमध्ये बादल्या ओतून माझे खांदे भरून आले. दर वेळी बाबा बोटं आत घालत, तोंड वाकडं करत आणि म्हणत, "गरम आहे अजून." शेवटी मीच हात लावून पाहिला. इंजिन माठासारखं गार.

"बाबा, यात आता कुल्फी जमेल."

"तुले काय समजते? गरमच आहे."

मला संताप आला. त्यांची बोटं दांडीवर होती, तिथेच माझी घातली आणि दांडी फिरवली. छान फिरली, त्यांच्या बोटांना घासून. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

"फिरव ना," ते म्हणाले.

"फिरवतेच आहे, बाबा."

त्यांनी हात काढला नाही. हळू म्हणाले, "शुगरनं बोटं मेली, बाई. दिवाळीपासून काहीच समजत नाही. तुझ्या आईले नको सांगू."

रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला, कोणाचा ते कळेना. "सरका," एवढंच म्हटलं. मग मी दांड्या चाचपल्या आणि त्यांनी पाने फिरवले. "फिरते?" "फिरते." "हलते?" "नाही." नट आवळून पुन्हा एकदा तपासायला लावलं, तेव्हा कुठे झाकण लागलं.

सकाळी आई पांढऱ्या साडीत डबा घेऊन बाहेर आली. बाबांनी किल्लीसाठी हात पुढे केला. ती कालपासून आईकडेच होती, आता पांढऱ्या पदरात. आईने गाठ सोडली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. फटफटी चालवायला मला बाबांनीच शिकवलं होतं.

"काहून?" बाबा म्हणाले.

"दिवाळीपासून तुमच्या शर्टाची बटनं कोण लावून राहिलं? मले काय डोळे नाहीत?" आईने रस्त्यावरचा ऑटो थांबवला. "इतकी वर्षं मी तुमच्या मागं बसली. आज तुम्ही माझ्या बाजूले बसा."

फटफटी पहिल्या किकला सुरू झाली, टकटक नाही. मी पुढे, ऑटो मागे. विहार येईपर्यंत बाबा ऑटोतून अर्धे बाहेर लोंबकळून ओरडत होते, "थर्डवर टाक, थर्डवर!" आणि आईने एका हाताने डबा धरला होता, दुसऱ्या हाताने त्यांचा हात.