चोवीस व्यंजनांचा चार्ट आणि सुजाता

मूल्यांकनाची समिती यायची असली की कॉलेजातले सगळे विभाग फायली भरत बसतात. आमच्या इंग्रजी विभागाच्या फायली काही पूर्ण होत नाहीत, किस्से मात्र भरपूर. बाकीचे लोक ते विसरतात. मी विसरत नाही, कारण लातूर ते अहमदपूर रोज एसटीनं येता-जाता मला दुसरं कामच नसतं. खिडकीशी बसायचं आणि आज कोण काय बोललं ते आठवून चिडायचं.

यंदाचा सगळा राग मात्र एकाच गोष्टीवर निघाला. इंग्रजी व्यंजनांचा चार्ट.

चार्ट म्हणजे चौकटींचा तक्ता. इंग्रजीची चोवीस व्यंजनं तोंडात कुठं आणि कशी तयार होतात, ते त्यात मांडलेलं असतं. तिसऱ्या वर्षाला त्यावर वीस मार्कांची तोंडी परीक्षा असते. अठरा वर्षं मी तो शिकवतेय. कधी काही अडलं नाही, कारण कुणी काही विचारलंच नाही.

यंदा सुजाता दुसरं वर्ष पास होऊन माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात आली. तिला जन्मापासून दिसत नाही. वडील मार्केट यार्डात हमाली करतात, ही गावाहून एकटी बसनं येते. लातूरला एम.ए. करायचं आणि पुढं कॉलेजात शिकवायचं, हे तिचं ठरलेलं. एम.ए.चा नंबर मार्कांवर लागतो, म्हणजे हे वीस मार्क तिला पाहिजेच होते.

*

पहिल्या तासाला मी नेहमीसारखी पट्टी घेऊन चार्टापुढं उभी राहिले. इथं पेनमधला प, त्याच्या शेजारी ब, इथं खाली म.

सुजातानं विचारलं, "मॅडम, इथं म्हंजे कुठं?"

"वर, डाव्या कोपऱ्यात."

"कशाच्या?"

वर्गाला हसायला तेवढंच पाहिजे होतं. मी चिडले, पण कुणावर ते मलाच कळेना. मागच्या बाकावरच्या कार्ट्यांनी तर खेळच सुरू केला. मी "इथं" म्हटलं की हळूच मोजायचं. तास संपल्यावर त्यातल्या एकानं मोठ्या आदबीनं सांगितलं, "मॅडम, आज एकतीस झाले."

*

आमचे विभागप्रमुख बिराजदार सर. माणूस भला, पण त्यांना मदत करायची हौस फार. मी अडचण सांगितली तर म्हणाले, मी बंदोबस्त करतो, तुम्ही निश्चिंत राहा. चार दिवसांनी बंदोबस्त आला. सहा फुटी फ्लेक्स! आधीचा चार्ट अडीच फुटांचा होता.

मी म्हटलं, सर, तिला बारीक अक्षर दिसत नाही असं नाही, तिला काहीच दिसत नाही.

"म्हणून तर मोठा केलाय," सर म्हणाले.

आता आपल्याकडं फ्लेक्स म्हटला की फोटो आलाच. वाढदिवस असो, निवडणूक असो, नाहीतर इंग्रजीची व्यंजनं. छापणाऱ्यानं सवयीनं डाव्या कोपऱ्यात सरांचा हात जोडलेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, शुभेच्छुक, समस्त मित्रपरिवार. फोटोला जागा पाहिजे म्हणून ओठांची व्यंजनं उडवली. प, ब, म, तिन्ही गायब. मी ते सरांना दाखवलं. सर बराच वेळ फ्लेक्सकडं बघत राहिले आणि म्हणाले, फोटो मात्र झकास आलाय.

*

मग मीच घरी बसून अख्खा चार्ट बोलून फोनवर रेकॉर्ड केला. पहिली ओळ, पहिला रकाना. पहिली ओळ, दुसरा रकाना. चौकट मोकळी असली की "रिकामं" म्हणायचं आणि पुढं जायचं. एवढी प्रामाणिक मी बँकेचा फॉर्म भरतानाही नसते. पंचवीस मिनिटं लागली आणि घसा बसला.

दुसऱ्या दिवशी सुजाता म्हणाली, "मॅडम, गावापस्तोर ऐकलं. ह्यात रिकामंच लई हाय."

मग तिनं विचारलं, रकाने असे एकापुढं एक कशावरून लावलेत? मनाला येईल तसे, का त्याला काही हिशेब आहे? मी म्हटलं, हिशेब आहे. डावीकडून उजवीकडं म्हणजे ओठांपासून घशापर्यंत. आधी दोन्ही ओठ, मग ओठ आणि दात, मग नुसते दात, दातांमागची हिरडी, टाळू आणि शेवटी घसा.

ती ओठ हलवून काहीतरी पुटपुटली, जीभ आत कुठंकुठं टेकवून पाहिली.

"मग हे आधी सांगायचं न्हाई का मॅडम? सगळं तोंडातच हाय की. भिंतीकडं कामून बघायलात तुम्ही?"

अठरा वर्षांत हे मी वर्गात एकदाही सांगितलं नव्हतं. पुस्तकात होतं, मला माहीत होतं आणि मी पट्टी घेऊन "इथं, इथं" करत होते. त्या दिवशी बसमध्ये चिडायला दुसरं कुणी सापडलं नाही. लाज वाटली, खरं सांगते.

*

दुसऱ्या दिवसापासून मी चार्ट बाजूला ठेवला आणि वर्गाला घशावर हात ठेवायला लावला. सू म्हणताना स ला घसा शांत असतो, झू म्हणताना झ ला थरथरतो. सुजातानं दहा मिनिटांत सगळ्या जोड्या लावल्या. बाकीच्यांना वेळ लागत होता, म्हणून म्हटलं करा पुन्हा, नीट दाबून धरा.

नेमके तेव्हाच प्राचार्य राउंडला आले. चाळीस पोरंपोरी स्वतःचा गळा धरून बसलेली. त्यांनी दारातूनच विचारलं, काय झालं, पिण्याच्या पाण्यात काही होतं का? मी त्यांना बाहेर नेऊन सविस्तर समजावलं. घसा थरथरला की घोष, शांत राहिला की अघोष, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली आणि जाता जाता शिपायाला सांगितलं, आजच्या आज टाकी धुवून घे.

*

तो शिपाई म्हणजे आमचे गफूरभाई. अख्ख्या कॉलेजात डोकं चालवणारा एकच माणूस. त्यांनी न सांगता एक पुठ्ठा घेतला, सुतळी चिकटवून चौकटी पाडल्या आणि मला विचारून विचारून दाणे लावले. घसा थरथरतो तिथं तुरीचा दाणा, थरथरत नाही तिथं ज्वारीचा. सुजातानं बोटं फिरवली आणि हसली. यंदाच्या वर्षात मला पहिल्यांदा बरं वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत पुठ्ठा कपाटात ठेवला. सुट्टीनंतर कपाट उघडलं तर तूर जागच्या जागी आणि ज्वारी साफ. अघोष व्यंजनं सगळीच्या सगळी उंदरांनी खाल्ली होती. मी डोक्याला हात लावला. गफूरभाई शांतपणे म्हणाले, "चूहे भी मराठवाड्याकेच हैं मॅडम. ज्वारी छोडते क्या?"

सुजाता म्हणाली, नवा करू नका, आता पाठ झालाय.

*

परीक्षेला नांदेडहून परीक्षक आले. बिराजदार सरांनी त्यांना चहा पाजता पाजता सांगितलं, आमची एक विद्यार्थिनी अंध आहे, जरा बघून घ्या. परीक्षक लगेच हळहळले. म्हणाले, तिला चार्ट कशाला विचारायचा? नाव-गाव विचारतो, आठ मार्क देतो, पास करून टाकू बिचारीला.

व्हरांड्यात उभ्या असलेल्या सुजाताला ते ऐकू गेलं. ती माझ्याकडं आली.

"आठ मार्कावर एम.ए. मिळतंय का मॅडम? मला बी चार्टच इचारा म्हणावं."

मी आत जाऊन परीक्षकांना तेच सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, माझं मन एवढं कठोर नाही. मी वाद घालायला लागले तर सरांनी मला बाहेर आणलं, पाहुण्यांशी असं बोलू नये म्हणाले आणि पाहुण्यांसाठी धपाटे-दही आणायला निघून गेले. अशा वेळी माणसानं कुणाचं डोकं फोडावं? मी दारात बसून एकेकाला आत सोडायला लागले.

परीक्षकांच्या यादीत नावं नव्हती, नुसते नंबर होते. मान खाली घालून ते मार्क मांडत होते. आमच्या वर्गानं महिनाभर सुजातापाशी बसून तयारी केली होती, आणि ती सगळ्यांना आधी डोळे मिटायला लावायची, कारण पोरं वहीत डोकावतात. तीच सवय लागलेली. जो आत जायचा तो खुर्चीत बसायचा, डोळे मिटायचा, घशाला हात लावायचा आणि ओठांपासून सुरू करायचा.

सतरावा नंबर सुजाताचा. काठी तिनं माझ्या हातात दिली. त्या खोलीत ती तीन वर्षं वावरलेली, खुर्ची कुठं आहे ते तिला सांगावं लागत नव्हतं. पाच मिनिटांची परीक्षा, पण पंधरा मिनिटं झाली तरी बाहेर येईना. शेवटी आली, काठी घेतली आणि कठड्याशी जाऊन उभी राहिली.

सगळे झाल्यावर परीक्षकांनी मला आत बोलावलं. वैतागलेले दिसत होते. म्हणाले, काय सवय लावलीत पोरांना? एवढा मोठा चार्ट समोर आणि एकही जण तिकडं बघत नाही. मग जरा निवळले.

"सतरा नंबरची पोरगी मात्र तयारीची हो. उलटसुलट विचारलं, कुठंच अडली नाही. एकोणीस दिलेत."

त्यांनी यादीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं, आणि पेन उघडून माझ्याकडं बघितलं.

"सगळे नंबर भरले मॅडम. ती अंध मुलगी तर आलीच नाही. तिचे आठ मार्क कुठं लिहू?"