हो न म्हटलेलं गाऱ्हाणं

खाली टॅक्सी उभी होती आणि वर, कांजूरमार्गच्या चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांत, बाबा देवासमोर नारळ घेऊन उभे होते. चौऱ्याऐंशी सालातली सप्टेंबरची सकाळ. मी इंग्लंडला निघाले होते, एका नावाजलेल्या विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि धर्म शिकायला, शिष्यवृत्तीवर. आम्ही मूळचे मालवणकडचे, त्यामुळे कोणी लांब निघालं की गाऱ्हाणं आलंच. घरातल्या मोठ्याने देवाला हाक मारून मागायचं आणि प्रत्येक मागण्यावर बाकी सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं.

"बा देवा म्हाराजा," बाबांनी खड्या आवाजात सुरू केलं, "ह्या आमचा चेडू परमुलकात शिकूक जाता हा. तेची वाट सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" अख्खा मजला ओरडला. मीही.

"वर्साच्या आत तेका माघारी हाड, आणि बऱ्या घरात तेचा लगीन जमव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

मी गप्प. मुद्दाम. वर्षात परत यायचं, लग्न करायचं, याला माझा होकार नव्हता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, थांबले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले. मी पुन्हा गप्प. शेवटी त्यांनी नारळ फोडला आणि मी टॅक्सीत बसेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. आई डोळे पुसत म्हणाली, "एवढं हो म्हणायला काय जात होतं गं तुझं?"

जात होतं. देवापुढे खोटं बोलणं मला जमणार नव्हतं, आणि मी तर देव मानतही नव्हते. हा घोळ आजही माझा मलाच सुटलेला नाही.

शहाणपण शिकवणारे तर रांगेने उभे होते. बीकॉम कर, बँकेत चिकट. बाबा अंधेरीला एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, तिथले सोबती त्यांना विचारायचे, "पोरगी भटजी होणार काय रे?" या सगळ्यांना मी तेव्हा मनातल्या मनात फाट्यावर मारलं होतं, आता लिहून मारते.

विद्यापीठात दगडी इमारती, हिरवळीवर पाय ठेवायला बंदी, आणि पहिल्याच सेमिनारमध्ये प्रत्येकाने आपल्या घरातला धर्म सांगायचा होता. मी गाऱ्हाणं सांगितलं. आमचे प्राध्यापक सज्जन माणूस. हसून म्हणाले, हा देवाशी केलेला सौदा झाला, मागणं संपतं तिथे धर्म सुरू होतो. आणि याचा ग्रंथ कुठे आहे? ग्रंथ नव्हता. माझं डोकं सणकलं. ज्या गोष्टीवरून बापाशी वाकडं घेऊन आले, तिचीच बाजू घेऊन मी तासभर भांडले. सौदाच करायचा तर माणूस कोपऱ्यात हळूच करील, त्यासाठी चाळ कशाला गोळा करील? पुरावा आणते, असं सांगून बाहेर पडले.

बाबांना पत्र टाकलं की एखादं गाऱ्हाणं शब्दन् शब्द लिहून पाठवा. त्यातच हेही कळवलं की वर्ष संपल्यावर मी परत येणार नाही, पीएचडीसाठी आणखी तीन वर्षं राहणार. उत्तर आलं: "गाऱ्हाणे लिहीत नाहीत. खरे मागणे असल्याशिवाय देवाला हाक मारायची नाही. तुझ्या पुस्तकासाठी तर नाहीच."

महिन्याभराने मुलुंडच्या एका ओळखीच्या बाईंबरोबर कॅसेट आली. मला वाटलं, बाबा विरघळले. मी मूर्ख, ती न ऐकताच सेमिनारमध्ये लावली.

आधी खोकला, कुकरची शिट्टी. मग बाबा: "बा देवा म्हाराजा, चेडू आणखी तीन वर्सा थयच ऱ्हवतला म्हणता. तेका सुबुद्धी दी आणि घराक हाड रे म्हाराजा."

वीसेक आवाज, त्यात आईचा सगळ्यात मोठा: "व्हय म्हाराजा!"

"काय मागताहेत?" प्राध्यापकांनी विचारलं.

माझे कान तापले. "मी हे सगळं सोडून घरी यावं."

"मग?"

"मग हजर असलेल्या सगळ्यांनी हो म्हणायचं असतं. मी इथे हजर आहे, आणि मी नाही म्हणते."

मी फार जोरात बोलले होते, आणि रडतही होते. सौदा हा शब्द प्राध्यापकांनी पुन्हा काढला नाही. माझ्या पीएचडीचा विषय त्याच दिवशी ठरला: गाऱ्हाणं.

हे सगळं मी बाबांना कळवलं. त्यांचं पत्र आलं, अर्ध्याहून जास्त कोरं. "तुझे 'नाही' पोचले. पण मागायचे मी सोडणार नाही."

नाही सोडलं. दर गणपतीत, अगदी जाईपर्यंत मागत राहिले. मी परत आले नाही, लग्नही केलं नाही. इथेच शिकवलं, इथेच भाडी भरली, पावाला चटणी लावून खाल्ली. तुम्ही मागे राहिलेले मला सांगता, हट्टापायी घर गमावलंस. माझ्यासारखे उडालेले सांगतात, आपण जिथे तिथे घर. मला दोन्ही पटत नाही. माझं घर कांजूरमार्गला आहे आणि मी तिथे राहत नाही, बस्स.

चाळ गेली, टॉवर आला. चौदाव्या मजल्यावर आता माझा धाकटा भाऊ विलास गाऱ्हाणं घालतो, मोबाइल स्पीकरवर ठेवून. तो तेच मागतो, घरचे व्हय म्हणतात, मी इथून नाही म्हणते.

यंदा गणपतीआधी त्याचा फोन आला. "ताई, तू रिटायर झालीस, आता काय तू येत नाहीस. देव पण कंटाळला असेल यार. यंदापासून तुझं मागणं काढून टाकू का?"

"खबरदार काढलंस तर!" मी ओरडले.