भरतीला ये

ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नाही. घणसोलीचा विषय निघाला की पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जायचो.

साठच्या दशकात त्या गावात नुकती वीज आली होती आणि मी वीज कंपनीत मीटर वाचायला लागलो होतो. घराला कुलूप दिसलं तर शेजारच्या वापरावरून अंदाजे आकडा टाकायचा, अशी साहेबांची तोंडी सूट होती. खाडीलगत एक कोळीण एकटी राहायची. घरात एकच दिवा. त्याच्या उजेडात ती संध्याकाळी लोकांची जाळी सांधून द्यायची. कंदिलावर तिला गाठी दिसत नसत. शेजारी मात्र दुकान होतं, रेडिओ-पंख्यासकट.

मी जायचो तेव्हा दर वेळी नेमकी ओहोटी असायची आणि ती कालवं काढायला गेलेली. एकदा वाटेत भेटली.

“ओहोटीला घरान कोन बसतं रं? भरतीला ये. तिथी इचारून निघत जा.”

तिथीवरून पाण्याची वेळ गावातलं पोरही सांगायचं. मला परतीची एसटी गाठायची असे. मी हसलो, आणि त्याही महिन्यात दुकानाकडे बघूनच आकडा लिहिला.

बिलं फुगत गेली. ती कचेरीत गेली तर म्हणाले, आधी भरा, मग बोला. तिनं भरलं नाही. वीज तोडायला वायरमनबरोबर मलाच पाठवलं.

त्या दिवशी भरती होती. ती दारात जाळं घेऊन बसलेली.

“आज बरा गावलास! ये, बघ तुझा मीटर.”

बघितला. मी अगदी पहिल्यांदा अंदाजानं लिहिलेल्या आकड्यापर्यंतही तो पोचला नव्हता. वायरमनला एवढं सांगितलं असतं तर तार राहिली असती. पण मग माझे मागचे सगळे आकडे तपासले गेले असते, नोकरी गेली असती. मी बाजूला झालो. त्यानं तार कापली.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी मुद्दाम गेलो, तिथी विचारून, भरतीला. ती घरी होती. जाळी कुठे दिसली नाहीत.

“आता काय कापाया आलास?” ती हसली आणि चहा टाकला.

मी तब्येत विचारली, मासळीच्या भावाचं बोललो, कप खाली ठेवला आणि निघालो. मावशी, तुमचा मीटर खरा होता, खोटं मी लिहिलं, मला माफ करा. परतीच्या एसटीत बसेपर्यंत हे तोंडातच होतं.