अंगठ्याची पारख

धुळ्यातल्या आमच्या घरातले जमिनीवरचे जुने व्हिनाइल उखडले, तेव्हा खालच्या काँक्रीटवर ते चिकटवायच्या सोल्युशनचा काळा थर राहिला. तो काढायला साक्रीकडचा एक माणूस आला. थिनर ओतून तो पत्र्याने खरवडायचा आणि जागा साफ झाली का, हे उघडा अंगठा दाबून पाहायचा.

"हातमोजे घाला," मी म्हणालो.

"मोजामा चिकट समजत नही, भाऊ."

त्याच्या अंगठ्यावर एकही रेघ उरली नव्हती. रेशनच्या मशीनवर तो उमटत नसल्याने दोन महिने धान्य मिळाले नव्हते. आठ दिवस थिनरला हात लावू नका, रेघा येतील, असे दुकानदाराने सांगितले होते.

"उद्यापासून थांबू का, भाऊ?"

परवा फरशीवाले येणार होते. मी कोपऱ्याकडे बोट दाखवले. "तिथं अजून चिकटतंय."

त्याने तिथे अंगठा दाबला.